आज खोकायचं नाहीं

राघोत्तमरावांच्या घरात एक कायदा होता: उंबऱ्याच्या आत मराठीच. तंजावर सोडून टी. नगरात आल्याला दोन पिढ्या लोटल्या होत्या, बाहेरचा सगळा कारभार तमिळमध्ये चालायचा. मुलगी अलकनंदा शाळेतून आली की तमिळमध्येच सुरू व्हायची आणि राघोत्तमराव तिचा कान धरायचे. "आपली भाषा बोल गे. चार घरांत उरली आहे ती."

अशा माणसाला रंगाच्या कारखान्यात मराठी बोलणारा मॅनेजर मिळाल्यावर दुसरं काय होणार? विरघळले बिचारे. जनकोजीराव पहिल्याच दिवशी त्यांच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "तुम्ही आपल्यांतले किं हो! मग मला साहेबासारखं 'सार' कशाला म्हणतां?" अख्ख्या ऑफिसात ती भाषा या दोघांचीच. राघोत्तमरावांना वाटलं, माहेरचं माणूस भेटलं.

जनकोजीरावांचा आवाज कधी चढला नाही. शिपायाच्या मुलीचं नावसुद्धा त्यांना पाठ असायचं. गोडाऊनच्या दोघांना त्यांनी हसतहसत घरी बसवलं आणि ते दोघे जाताना त्यांचेच आभार मानून गेले. हे राघोत्तमरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तेव्हा ते हरभऱ्याच्या झाडावर बसले होते, तिथून त्यात काही वावगं दिसलं नाही.

शेजारच्या टेबलावर नारायणस्वामी. गिऱ्हाइकाने दिलेल्या नमुन्याशी नवा रंग जुळतो की नाही, हे रंग लावलेला पत्रा खिडकीशी धरून तो सांगायचा, आणि त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पांढरा आणि क्रीम त्याला सारखेच दिसू लागले होते. मोतीबिंदू अजून पिकला नाही, थांबा, असं डॉक्टर म्हणत होते आणि घरी दोन मुलींची लग्नं व्हायची होती. मग दोघा मित्रांनी युक्ती काढली. नारायणस्वामी पत्रा धरून जरा थांबायचा; रंग जुळत नसला की राघोत्तमराव खोकायचे. तो लगेच पत्रा खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "सुकू दे अजून."

एका दुपारी कॉफी पिताना राघोत्तमरावांनी हे सगळं जनकोजीरावांना सांगून टाकलं. चुगली म्हणून नव्हे हो. ऑपरेशन होईपर्यंत मित्राला दुसरं हलकं काम मिळावं, एवढ्याचसाठी. खोकल्याची गंमत सांगताना तर ते स्वतःच हसले. जनकोजीरावही हसले. डोळे पुसत म्हणाले, "पावं, बिचारा! माझ्या पोटांत राहील हें. तुम्ही आपले, म्हणून सांगटलां."

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या मुख्य ऑफिसातून दोन साहेब आले. जनकोजीरावांनी नारायणस्वामीच्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचे डोळे," अशी त्यांनी साहेबांशी ओळख करून दिली. मग त्याच्या हातात दोन पत्रे दिले आणि जुळतात का बघा म्हणाले. एक पांढरा होता, एक क्रीम. दाराशी उभ्या शिपायालाही दिसत होतं. नारायणस्वामीने ते खिडकीशी धरले आणि सवयीने जरा थांबला.

तेवढ्यात जनकोजीराव राघोत्तमरावांकडे किंचित झुकले. घरच्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाले, "आज खोकायचं नाहीं हं."

त्या खोलीत ते वाक्य एकाच माणसाला कळलं.  खोकावं, ओरडावं, पत्रे हिसकावून घ्यावेत, सगळं राघोत्तमरावांच्या मनात आलं, आणि ते खांबासारखे उभे राहिले. आपलेपणाच्या त्या सुरापुढे त्यांना नाही म्हणता आलं नाही. हीच त्यांची लाज, आणि ती जन्मभर पुरली.

नारायणस्वामी वाट पाहत होता. खोकला आला नाही. त्याचा चेहरा खुलला. "जुळतात," तो म्हणाला.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्याचं टेबल रिकामं झालं. जनकोजीराव त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत येऊन म्हणाले, "उद्यांपासून तुम्ही बसा तिथें. आपलं माणूस पाहिजे." बोलताना त्यांनी राघोत्तमरावांची कॉलर नीट केली.

बीच स्टेशनवरून दोघे रोजच्यासारखे तांबरमच्या गाडीत बसले. नारायणस्वामीने डबा मांडीवर धरला होता. टी. नगरचं मांबळम स्टेशन जवळ आलं, राघोत्तमराव उठले. नारायणस्वामीने तमिळमध्येच, हळू विचारलं, "मी पत्रे धरले होते तेव्हा मॅनेजर तुला तुमच्या भाषेत काय म्हणाले?"

खरं सांगायला एक क्षण होता. "ओण्णुम इल्लै," राघोत्तमराव म्हणाले. काही नाही.

नारायणस्वामीने मान हलवली. "मला वाटलं, तुझा घसा बरा झाला," तो म्हणाला. राग नव्हता त्यात, आणि म्हणूनच राघोत्तमरावांना ते सोसवेना. गाडी त्याला घेऊन तांबरमकडे गेली.

घरी भवानीबाई दारातच होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून घाबरल्या. "कां हो, काय झालं? बोला किं."

बोलायला राघोत्तमरावांनी तोंड उघडलं. आतून मराठी येत होती, पण तिला जनकोजीरावांचा मऊ आवाज लागलेला होता. तो त्यांना स्वतःच्या घरात नको होता.

"ओण्णुम इल्लै," ते म्हणाले.

अलकनंदा आतून टाळ्या पिटत धावत आली. "अप्पा तमिळ बोलटले! आतां तुमचा कान कोण धरणार?"

राघोत्तमराव चप्पल न काढता उंबऱ्यातच बसले आणि लेकीपुढे कान केला.