परत आलेली तराई

"ही भांडी घासते की तासते?" उलामिला माझ्या कानाशी पुटपुटली. "लोसा, बघ तो पातेल्याचा तळ. केस विंचरून घ्यावेत त्यात! कालवणाला धुराचा वास म्हणून उरला नाही."

आम्ही दोघी सभागृहाच्या ओट्यावर चटई विणत बसलो होतो. उलामिला माझी थोरली नणंद. आमच्या बेटावर नणंदा-भावजयांनी एकमेकींना टोमणे मारायचेच असतात, नाहीतर लोक विचारतात, भांडलात की काय.

"अक्का, लेक होती तेव्हा घासत नाही म्हणून ओरडायचीस. आता घासते म्हणून ओरड."

'होती' म्हणून गेले आणि माझी मीच जीभ चावली. उलामिलाने ऐकलं नाही. किंवा ऐकून पाती सरळ करत बसली. समोर नळापाशी तिची तराईविनी, आमची तराई, दुसरं पातेलं घासत होती. उन्हात तासभर वाकून बसलेली, आणि मानेवर घामाचा थेंब नाही.

तराई तीन वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला गेली, म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायच्या कामाला. आमच्या गावच्या अकरा पोरी मिळून गेल्या, त्यात माझी वासितीसुद्धा. ज्या कंपनीने त्यांना नेलं तीच माणसंही बनवते, हे आम्हाला मागाहून कळलं. जाताना सह्या केलेल्या कागदावर चेहरा, आवाज, चाल असं काहीबाही लिहिलं होतं. पोरी हसत होत्या, आमच्या चालीला कोण विचारतंय!

आठ महिन्यांपूर्वी कंपनीची लाँच आली आणि तराई उतरली. दोन्ही तळव्यांवर यांगोनाचं, आमच्या मानाच्या पेयाचं, मूळ, फितीने बांधलेलं. माझा नवरा पेथेली गावप्रमुखाचा बोलका. पाहुण्याने आणलेलं मूळ गावाच्या वतीने घ्यायचं काम त्याचं. त्याने ओंजळीने तीन टाळ्या वाजवल्या, मूळ घेतलं, आणि संपलं. मूळ घेतलं की पाहुणा घरचा. मग त्याला कुठून आलास, कोणाच्या जागी आलास, असं विचारायचं नाही, आणि हाकलायचं तर मुळीच नाही. कंपनीत कुणीतरी आमच्या चालीरीतींचा चांगला अभ्यास केला असणार. सोबतच्या कंपनीच्या टोपीवाल्या बाईंनी काचेच्या पाटीवर पेथेलीचा अंगठा घेतला. 'मुलगी मिळाली, काही विचारायचं नाही,' एवढाच त्याचा अर्थ.

चार दिवसांनी पेथेली म्हणाला, "तिच्या हातावर डास बसत नाहीत गं."

मी म्हटलं, "साबण भारी असेल."

आमच्यात माणूस गेलं की त्या घराच्या वाट्याचं समुद्रातलं प्रवाळ शंभर दिवस बंद ठेवतात. तिथे कुणी जाळं टाकत नाही. उलामिलाच्या वाट्याच्या पाण्यात आम्ही सगळे मासे धरत होतो आणि नारळाच्या दुधात शिजवून खात होतो. जेवताना कुणी एकमेकांच्या ताटाकडे बघत नव्हतं. बोलायचं तरी कसं? उलामिला दोन वेळा जेवायला लागली होती, तिचे पाय चेपायला कुणीतरी होतं. आणि तिची गेली असं म्हटलं, तर उरलेल्या दहा घरांनी आपापल्या पोरींचं काय म्हणायचं?

वासिती दर रविवारी प्रार्थना आटोपली की फोन करायची. फोन कसला, गाऱ्हाणं! तिथला भात चिकट, मुकादम खडूस, म्हाताऱ्या चिमटे काढतात, आणि आई, तू माझा निळा झगा त्या शेजारणीला का दिलास? मी फोन कानापासून वीतभर लांब धरायची.

मग एका रविवारी ती म्हणाली, "सगळं छान आहे, आई. तुझा गुडघा कसा आहे?"

माझ्या वासितीने जन्मात माझ्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. मी म्हटलं, "तुझा निळा झगा मी फाडून पुसणं केलं बघ."

"छान केलंस, आई," ती म्हणाली.

पेथेली शेजारीच होता. तो उठला आणि धार असलेल्याच सुऱ्याला धार लावत बसला. पुढच्या रविवारीही तेच छान, तोच गुडघा. मग निरोप आला, वासिती गुरुवारी घरी येत आहे.

गुरुवारी सगळं गाव धक्क्याजवळ चटयांवर बसलं. लाँच लागली. टोपीवाल्या बाई हसत उतरल्या.

"प्रवास बरा झाला ना?" पेथेलीने विचारलं. माझ्या नवऱ्याने एवढंच विचारलं.

"अगदी झकास, काका!"

त्यांच्यामागून वासिती उतरली. डावा पाय किंचित ओढत, लहानपणी माडावरून पडली तेव्हापासून ओढते तसा. चटईच्या कडेला गुडघे टेकून तिने मूळ पुढे धरलं. "बाबा, आई, मी आले."

खोटं कशाला सांगू, धावत जाऊन तिला कवटाळावं असं वाटलं मला. तीन टाळ्या झाल्या की ती माझी. रोज पाय चेपेल, भांडी लख्ख करेल. आणि माझी पोर कुठे आहे, तिला काय झालं, हे मरेपर्यंत कुणाला विचारता येणार नाही.

पेथेलीने ओंजळीसाठी हात जुळवले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चटईकडे पाहिलं. बाईंनी पाटी पुसून तयार ठेवली.

माझ्या शेजारी उलामिला बसली होती, तिच्या डोक्यावर तराईने छत्री धरली होती. मूळ पुढे आलं असताना बायकांनी बोलायचं नसतं. आणि मोठ्या झालेल्या बहीणभावांनी तर एकमेकांशी कधीच बोलायचं नसतं. चाळीस वर्षं पेथेलीला जे सांगायचं ते उलामिलाने दुसऱ्याच्या तोंडून सांगितलं, लग्न झाल्यापासून माझ्या. तिने छत्री बाजूला सारली तेव्हा सवयीने मी कान पुढे केला. तिने मलाही बाजूला सारलं आणि उभी राहिली.

"आई, ऊन लागेल," तराई हळूच म्हणाली.

"पेथेली, हात खाली घे," उलामिला म्हणाली. "माझी तराई मेली. कशी मेली ते मी विचारलं नाही. तू विचार."