सैल कुर्ता

संरक्षण अधिकारी म्हटलं की लोकांना वाटतं, कमरेला पिस्तूल असणार. कसलं आलंय पिस्तूल! ताईंच्या खांद्याला एक कापडी पिशवी, तिच्यात फॉर्म, अंगठ्यासाठी शाईची डबी आणि पाण्याची बाटली. लढाईत सापडलेल्या वस्तीत जायचं, कोणाला कोणी उचलून नेलं, कोण धमकावतंय, ते लिहून घ्यायचं आणि सांगणाऱ्याच्या केसालाही धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ते एका वहीत. ती वही ताईंच्या कुलपात. साहेबांनासुद्धा दाखवायची नाही, असा खुद्द साहेबांचाच नियम.

दुसरा नियम त्याहून साधा. गल्लीत गेलं की एकाच घरी जायचं नाही. सगळ्या घरी जायचं, सारखाच वेळ बसायचं, पाणी येतं का, छप्पर गळतं का, असले रटाळ प्रश्न विचारायचे. म्हणजे खरं बोलणं कुठल्या दाराआड झालं, ते बघणाऱ्याला कळत नाही. सहा वर्षं ताईंनी हा नियम पाळला होता आणि नव्या पोरींचं डोकं उठेपर्यंत त्यांना शिकवला होता.

आणि मंगळवारी स्वतःच मोडला.

शिवणवालीच्या जबानीवर अंगठा घ्यायचा राहिला होता. तिच्या दिराला वस्तीच्या तोंडाशी असलेल्या नाक्यावरून नेलं, त्याला महिना झाला होता. नेणारा नाक्यावर पहारा करणारा टोपीवाला शिपाई, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कागद दुपारच्या आत पुढे जायला हवा होता. "एका अंगठ्याचं तर काम," म्हणत ताईंनी गाडी थेट तिच्या दारात उभी करायला लावली. पाच मिनिटांत बाहेर आल्या. गाडी सुरू करताना ड्रायव्हरमामांनी विचारलं, "ताई, आज बाकीची घरं नाहीत?"

ताईंना तेव्हा कुठे नियम आठवला. परत उतरावं तर कागदाची वेळ चुकते, न उतरावं तर बाई सापडते. त्या उतरल्या नाहीत. घरी जेवताना नवऱ्याने दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही.

बुधवारी सकाळीच त्या निघाल्या. ठरवलं होतं, अकराच्या अकरा घरी जायचं, चूक पुसून टाकायची. नाक्यावर टोपीवाल्याने गाडीच्या काचेवर बोट वाजवलं. माणूस गोड बोलणारा, तेच वाईट.

"काल शिवणवालीकडे काय काढलंत, मॅडम?"

"पाण्याची पाहणी. तिच्यापासून सुरू केली. आज बाकीची घरं."

"असं होय," तो म्हणाला आणि हसून बाजूला झाला. तो का हसला, ते ताईंना काही कळेना.

कळलं तिसऱ्या घरी. तिथल्या चष्मेवाल्या मावशी म्हणजे गल्लीचा पोलीस पाटील. त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. "काल काय गं तुझं हे? गाडी काय दारात लावतेस? तुझी पाठ वळली नाही तोच टोपीवाला विचारत आला. मी सांगून टाकलं, बाई कुर्ता शिवायला टाकून गेली म्हणून. त्याला पटलंही."

ताईंनी हातातला फॉर्म खाली ठेवला. "मावशी, मी आत्ताच त्याला सांगितलं, पाण्याची पाहणी होती."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आता मेलो की गं आपण," त्या म्हणाल्या.

तरी मधलं घर टाळून चालणार नव्हतं. चौथ्या घरी ताई दहा मिनिटं बसल्या. तिथल्या आजोबांनी गळक्या छपराचं काय सांगितलं, त्यातलं अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. पाचवं घर शिवणवालीचं. मशीनवर निळा कुर्ता तयार होता. मावशींची थाप ऐकल्यावर बाईने घरातलं होतं ते कापड फाडून, नुसत्या नजरेच्या मापाने तो शिवून ठेवला होता. ताईंनी झालं ते सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईने शेवटचा दोरा दातांनी तोडला.

"माझ्यामुळे झालं हे," ताई म्हणाल्या. "मला माफ करा."

"माफीबिफी मागाहून. आधी हा घाला आणि त्याच्यासमोरून जा. काय बोलायचं ते तुम्ही बघा. शिकलेल्या आहात ना?"

कुर्ता खांद्यावरून घसरत होता. ताईंनी तो घातला आणि उरलेली सहा घरंही केली, प्रत्येकी दहा मिनिटं. प्रत्येक घरी बसून त्या एकच विचार करत होत्या. दोन थापा, आणि दोन्ही एकमेकींशी जुळायला हव्यात.

नाक्यावर टोपीवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "पाण्याची पाहणी चांगली शिवलीय, मॅडम."

ताईंनी मान खाली घातली. भीती खरीच होती, तिचं सोंग आणावं लागलं नाही. "खोटं बोलले मी सकाळी. वस्तीतल्या माणसाकडून काही करून घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल माझी. कुठे बोलू नका हो."

त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका. शिवणवालीचं नावही तो विसरला. "बघू," तो म्हणाला.

त्याने काय बघितलं, ते सोमवारी कळलं. साहेबांच्या टेबलावर नाक्याच्या शिक्क्याचं पत्र होतं, मॅडम वस्तीत कपडे शिवून घेतात अशा तक्रारीचं. साहेबांनीच ताईंना हे काम हाताला धरून शिकवलेलं. आता बोलताना त्यांना जड जात होतं.

"याचं लेखी उत्तर नाक्याला द्यावं लागणार. कबूल केलंत तर शेरा बसेल आणि ती वस्ती तुमच्याकडून जाईल. खरं काय ते सांगा."

खरं सांगायचं तर वही उघडावी लागली असती. आणि वस्ती गेली की शिवणवालीची मशीन चालू आहे की बंद पडली, तेही ताईंना कधी कळणार नव्हतं. 

"खरं आहे, साहेब. मंगळवारी कुर्ता शिवायला टाकला, बुधवारी घेऊन आले. हाच तो." त्या दिवसापासून नाका ओलांडताना त्या तोच घालत होत्या.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. खांदे दंडापर्यंत उतरले होते, बाह्या बोटांवर येत होत्या.

"हा तुमच्या मापाचा नाही," ते हळूच म्हणाले. "माप घेतलेलंच नाही याला."

ताईंनी बाही मागे सारली.

"सैलच आवडतो मला, साहेब."

 साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, शेऱ्याच्या रकान्यात 'कबूल' असं लिहिलं आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.