भिंतीकडे तोंड केलेला बेडूक

मी एक जुनी पेटी आहे. सध्या मातीखाली असते, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. तेवढं सांभाळून घ्या, मित्रांनो.

माझा जन्म कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हायदा ग्वाय बेटावरचा. देवदाराच्या एकाच फळीला वाफ देऊन तीनदा वाकवलं, चौथा कोपरा झाडाच्या मुळ्यांनी शिवला, की झाली मी. खिळा औषधालाही नाही. आणि घट्ट इतकी, की एकदा भरतीची एक लाट माझ्यात शिरली, तिला बाहेरची वाट सापडेना, बिचारी आतच राहिली. खोटं वाटत असेल तर कान लावून बघा.

आमच्याकडे माणसं दोनच बाजूंची, डोमकावळ्यांची नाहीतर गरुडांची. मूल आईच्या बाजूचं. लग्न पलीकडच्या बाजूला करायचं, आणि मेल्यावर पेटी करायला नि उचलायलाही पलीकडचेच हात लागतात. मला घडवलं एका डोमकावळ्याने, आपल्या गरुड बायकोसाठी. समोर तिच्या घराण्याचा बेडूक रंगवला. तिने माझ्यात सणाची वस्त्रं ठेवली आणि अखेर स्वतःच येऊन निजली. तिच्या सासरगावच्या गुहेत आम्ही दोघी सुखाने होतो.

मग देवीची साथ आली. गावं ओस पडली आणि मागोमाग पेट्या पळवणारे होडीतून आले. दूरच्या शहरातल्या संग्रहालयात त्यांनी तिला एका खणात टाकलं आणि मला काचेत मांडलं. माझं कौतुक काय वर्णावं! "वा, काय कारागिरी!" पण मांडणाऱ्याने मला उलटं ठेवलं होतं. लोक माझी पाठ बघून माना डोलवायचे आणि बेडूक वर्षानुवर्षं भिंत बघायचा. आत कोण होतं, हे कुणीच विचारलं नाही.

एके दिवशी बेटावरून नानी मेव्हिस तिला न्यायला आल्या. तिकडे आजीला नानीच म्हणतात. नानी गरुडांच्या. गुहा डोमकावळ्यांच्या गावची, म्हणजे आतली बाईही डोमकावळ्यांचीच, असा सगळ्यांनी तर्क केला होता. म्हणून उचलायला नानींचे दांडगे गरुड भाचे आले होते, आणि त्यांनी नवी पेटीही करून आणली होती. सोबत जावई वर्न. तो डोमकावळा, म्हणून त्याच्याकडे फक्त सुके मासे सांभाळायचं काम.

"वर्न, मासे कमी का दिसतायत?" नानींनी विचारलं.

"सुकून आकसले असतील, नानी."

"तुझ्या पोटात जाऊन आकसले का रे?"

दालनातून जाताना संग्रहालयाचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही त्याच गुहेतली."

"मग हिला भिंतीकडे तोंड करून का बसवलंय?" नानी म्हणाल्या. "काय चोरलं हिने?"

साहेबांनी ओशाळून मला काचेसकट वळवलं. बेडूक पाहिला आणि नानींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! बेडूक तर गरुडांचा! ही आपलीच लेक, तिकडे दिलेली!"

भाच्यांचे हात खाली आले. "मावशी, म्हणजे आम्ही उचलायचं नाही?" थोरल्या रूफसने विचारलं.

"नाही. आणि तुमची पेटीही चालायची नाही. आपल्या माणसाची पेटी आपणच करतं का कुणी?"

सगळ्यांच्या नजरा वर्नकडे वळल्या.

"जावईबापू," रूफस म्हणाला, "लग्नानंतरचं पहिलं काम निघालं बघा तुम्हाला."

वर्न हसला नाही. हात धुऊन आला आणि खणातून तिला उचललं, झोपलेलं मूल उचलावं तसं. पण ठेवणार कुठे?

"हाडं तुमची," साहेब म्हणाले, "पेटी मात्र संग्रहाची आहे."

"साहेब, तुमच्या आजीची शवपेटी मी ठेवून घेतली आणि आजी तेवढी परत केली, तर चालेल तुम्हाला?" नानी म्हणाल्या.

वर्न तिला दोन्ही हातांवर घेऊन तसाच उभा होता.

"हात दुखतायत का रे?"

"नाही, नानी."

"खोटारडा. पण खाली ठेवू नकोस." मग नानी आमच्या भाषेत तिला म्हणाल्या, "थांब हं बाई, घर उघडतायत."

साहेबांनी वर्नच्या हातांकडे पाहिलं. वरिष्ठांना फोन केला, बराच वेळ वाद घातला. परत आले, काच स्वतः बाजूला केली आणि माझं झाकण काढलं. ती आत आली. किती हलकी झाली होती, मित्रांनो! आणि मी किती रिकामी होते, ते मला तेव्हा कळलं.

बेटावर आम्हा दोघींना मातीत ठेवलं आणि तिला जेवू घातलं. आमच्याकडे गेलेल्यांचं जेवण विस्तवात घालतात. मासा, समुद्री शेवाळ, बटाटे, सगळं. पहिलं ताट तिचं. दुसरं नानींनी स्वतः वाढून वर्नला दिलं, आणि मासे मोजले नाहीत.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसा, तेल लावा. माझं मागणं वेगळं आहे. मला कुजू द्या. आणि काचेमागे एखादी सुंदर पेटी दिसली, तर कारागिरी बघाच, पण एवढं विचारा, की हिच्यात कोण होतं आणि ते आता कुठे आहे?

माझी शिवण सैल होऊ लागली आहे. आतली ती लाटही चुळबुळतेय. समुद्र इथून जवळच आहे, हे तिला कळलंय.