रोज सकाळी आजारी पडणारी पेना

यादीत नव्व्याण्णव नंबरची रुग्णवाहिका दिसली तेव्हा इस्क्राला हसूच आलं. केंद्राकडे गाड्या सहा, मग ही कुठून उगवली? आणि ही गाडी रोज सकाळी सातला एकाच बाईकडे जायची. नाव पेना, वय नव्वद. गाव नाही, घर नाही, दुखणंसुद्धा नाही. अकरा वर्षांत चार हजार फेऱ्या, आणि एकदाही परतल्याची नोंद नाही.

"कुणाला सुचली ही गंमत," असं पुटपुटत तिनं गाडीही पुसली, पेनाही पुसली.

शुक्रवारी केंद्रात गाड्या पाठवायची नवी संगणक यंत्रणा बसायची होती. त्याआधी जुनी झाडूनपुसून द्यायची, एवढ्यासाठी इस्क्रा सोफिया शहरातून डोंगरातल्या या गावात आली होती. प्रोग्राम तिचाच. चोविसाव्या वर्षी, तीन आठवड्यांत, डोळ्याला डोळा न लागू देता लिहिलेला.

सातला दोन मिनिटं असताना वेलिका मावशी आली. फोनवरून गाड्या पाठवायचं काम तिचं. केंद्र उघडलं त्या दिवसापासून.

"खाल्लंस का काही?"

"खाईन, मावशी."

"खाईन खाईन करत वाळलीस. खाली मेतोदीला चीज भरलेली बानित्सा दिलीय. तो काही उरवायचा नाही म्हणा, रुग्णवाहिका चालवतो की भट्टी, देव जाणे."

सात वाजले. कोट काढता काढता, न बघताच, वेलिकानं कोपऱ्यातली एक कळ दाबली. तेवढ्यात फोन वाजला.

कामेनाक गावाहून रुमेना नावाची बाई बोलत होती. सासरे मधाच्या पोळ्यांकडे गेले होते. मधमाशी मानेला डसली. ओठ सुजलेत, श्वास शिट्टीसारखा वाजतोय.

"बसतं ठेव त्यांना, पोरी. आडवं नको. गाडी पाठवते." वेलिकानं चार नंबरची गाडी निवडली. पडद्यावर हिरवं उमटलं: गाडी निघाली.

सात वाजून नऊ मिनिटांनी पुन्हा रुमेना. "मावशी, गाडी कुठाय हो? चढणीवर कुणीच दिसत नाही."

"वाटेत आहे, बाळा. हे बघ, मला इथं दिसतंय."

इस्क्रानं सहज खिडकीतून खाली पाहिलं. अंगणात चार नंबरची गाडी उभी होती. दाराला टेकून मेतोदी बोटं चाटत होता.

ती वळली. "मावशी, गाडी खाली आहे."

वेलिकानं पडदा पाहिला, अंगण पाहिलं. मग खिडकी उघडून अशी हाक दिली की मेतोदीच्या हातून कागद गळाला. "कामेनाक! माशी! गळा बंद होतोय!" गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा सात अकरा झाले होते. वाट सोळा मिनिटांची.

"नव्व्याण्णव कुठं गेली?" वेलिकानं विचारलं. आवाज खाली आला होता, आणि त्यानंच इस्क्रा जास्त घाबरली.

"मी काढली. अशी गाडीच नाही ना."

"नाही. म्हणूनच पाठवायची. सकाळी पाळी बदलली की तुझा हा प्रोग्राम पहिला निरोप गिळतो आणि पाठवला म्हणून सांगतो. मग सातला ती कळ दाबून पहिली गाडी आम्ही पेनाला द्यायचो. खरं माणूस दुसरं."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. तू म्हणालीस, तात्पुरतं एखादं खोटं नाव पाठवा, सोमवारी दुरुस्त करते."

इस्क्राला तो सोमवार आठवेना. मंगळवारी दुसरं काम आलं असेल, मग तिसरं. घाईत घातलेला कच्चा टाका, पक्की शिवण राहून गेली. आणि या बायका अकरा वर्षं ते वस्त्र हातानं धरून चालत राहिल्या, कुणाला उघडं पडू न देता. आज तिनंच तो दोरा ओढला होता.

फोन चालूच होता. पलीकडे रुमेना रडत नव्हती, फक्त मोजत होती, सासऱ्यांचे श्वास. एक. मग बराच वेळ काही नाही. दोन. इस्क्रा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आपलाही श्वास त्या मोजणीवर अडकलाय हे तिला उशिरा कळलं. तीन. शिट्टी ऐकू येईनाशी झाली तसा तिनं टेबलाचा काठ घट्ट धरला.

मग दार आपटलं, बूट वाजले, मेतोदीचा दणदणीत आवाज ऐकू आला: "सरक, बाई, सरक." सुई टोचली. आणि एक खोकला, ओला, जाडाभरडा, जिवंत.

"आहे म्हातारा," मेतोदी म्हणाला. "अजून चार मिनिटं गेली असती तर नसता."

इस्क्रा खाली बसली. मग तिनं वही ओढली. "मावशी, अजून काय काय करता असं?"

वेलिका सांगत गेली. धुक्याच्या दिवशी दोन नंबरला तीन म्हणायचं. दुपारी बाराला पडदा बंद करून चालू करायचा. पान भरलं, दुसरं भरलं.

"हे माझं झालं," ती म्हणाली. "रात्रपाळीचं नेवेनाला ठाऊक."

"फोन लावू तिला?"

"मे महिन्यात पुरली तिला."

इस्क्रानं केंद्राच्या संचालकांना फोन केला. शुक्रवारी नवी यंत्रणा बसणार नाही, म्हणाली.

"का? काय बिघडलंय?"

"ते माहीत नाही, साहेब. बिघडू नये म्हणून इथं रोज काय करतात, ते आधी विचारून घेतेय."

मग तिनं नव्या पानावर नेवेनाचं नाव लिहिलं आणि खाली जागा सोडली. किती सोडावी, ते तिला कळेना.