उशिरा येणारं घोडं

"आधी डोळ्यांत झोप ओवते गं, मग सुईत दोरा."

जेवण झालं की आई मशीनला टेकून असं म्हणायची. दोन शब्द होईतो मान कलायची. मी दारातून ओरडायचे, "आळशी कुठली!" ती झोपेतच हसायची.

आता मशीन माझं आहे. तेच, पायाचं. आणि दुपारचं ताट उचललं की माझ्याच डोळ्यांवर झापड येते, समोरची टीप पुसट होत जाते. मी कुणाला बोलले नाही. हाताखालची शिलाई मात्र बोलली.

"वहिनी, सकाळचं गळ्याचं काम सरळ, दुपारचं तिरकं. पट्टी दारू प्यायली का? का जेवून डोळ्यांवर झापड येते? साखर तपासू." वन्संनी मी शिवलेला ब्लाउज उलटा करून पाहिला. नवऱ्याची धाकटी बहीण. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला, त्यामुळे जिभेलाही सुईच.

"वर्षभर उपाशीपोटीची साखर चांगली येतेय की," मी म्हटलं.

"उपाशीपोटी सगळेच शहाणे असतात. उद्या चल."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी माझा फॉर्म भरला. "माहेरी कुणाला साखर?"

"नाही," मी म्हटलं.

आधी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग एक ग्लासभर गोड पाणी. दोन तास बाकावर बसायचं आणि दर अर्ध्या तासानं रक्तासाठी हात पुढे करायचा. रिकामं बसणं मला कुठलं जमायला! पहिल्या दहा मिनिटांतच पाय आपोआप फरशीवर चालू लागले, टाच खाली, चवडा वर. वन्सं धावत आल्या. माझ्या गुडघ्यावर तळहात ठेवला.

"मशीन बंद कर बाई! पाय चालले की साखर जळते. आकडा खोटा येईल."

मग सुईची वेळ नसली तरी त्या शेजारी येऊन बसायच्या, हात गुडघ्यावर तसाच. त्या हाताची ऊब मला अजून आठवते.

आकडे आले. उपाशीपोटी ब्याण्णव. तासाभरानं दोनशे बारा. दोन तासांनी एकशे अडतीस.

"पहिला नि शेवटचा चांगला आहे ना?" मी विचारलं.

"आहे. तेवढेच दोन पाहिले असते तर तू हसत घरी गेली असतीस." त्यांनी मधल्या आकड्यावर बोट ठेवलं. "जेवलीस की साखर चढते. तिला आवरायला इन्सुलिन लगेच धावायला हवं. तुझं येतं, पण वरातीमागून घोडं. तोवर साखर नाचून घेते. म्हणून दुपारची झापड, असं मला तरी वाटतं. डॉक्टरांना दाखवू. पण घोडं अजून चालतंय, वहिनी. आत्ता जेवणावर लक्ष दिलं, जेवून जरा चाललीस, तर सावरता येईल. डोळे राहतील."

डोळे राहतील. एका तिरक्या शिवणीवरून या पोरीनं माझे डोळे राखले होते. आणि तिलाच मी फॉर्मवर खोटं लिहायला लावलं होतं.

"वन्सं, ते 'नाही' खोडा."

"कुठलं?"

"आईला साखर होती. कळली तेव्हा डोळे गेले होते. मी सगळ्यांना सांगत आले, शिवून शिवून गेले. कारण ती जेवून पेंगायची ना, तेव्हा मी तिला आळशी म्हणायचे... ती झोप साखरेची होती, हे मला कबूल करवत नव्हतं. तिच्या गुडघ्यावर हात ठेवणारं कुणी नव्हतं, वन्सं. मला तुम्ही आहात."