सावलीचं काम

मनोज अकोल्याहून आला तो नकला करतच घरात शिरला. सुपरवायझर लोकांचं प्रशिक्षण होतं. कामावर कोणी पिऊन येत असेल, गोळ्या खात असेल, तर त्याला ओळखायचं कसं आणि मुख्य म्हणजे त्याच्याशी बोलायचं कसं. मागच्या हंगामात अकोटच्या त्यांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एक जण पिऊन मशीनवर उभा राहिला आणि त्याची बोटं गेली, तेव्हापासून मालक खुशालराव धास्तावले होते. त्यांनीच मनोजला पाठवलं होतं.

"मले बेवडा बनवलं ना त्यायनं," बूट काढता काढता तो सांगू लागला. "नाटक! मी बेवडा, अन् परतवाड्याचा एक सुपरवायझर मले समजावते. असा झुललो मी, मॅडम म्हणे, तुमी खरंच तं नाही ना घेऊन आले?"

त्याचे वडील पंजाबराव खाटेवरून म्हणाले, "तेवढ्यासाठी अकोल्याले जा लागते काय? आपल्या गल्लीतच शिकला असता."

रात्री जेवणं झाल्यावर मनोजला सरावाची हुक्की आली. त्याने बायकोला, रागिणीला समोर बसवलं. तिच्या मांडीवर तान्ही आचल चुळबुळत होती.

"तू कामगार. मी सुपरवायझर." त्याने घसा साफ केला आणि त्याचा आवाज एकदम बदलला. "रागिणीबाई, या आठवड्यात तुमच्या हातून काम बिघडून राहिलं. मी काही आरोप नाही करत. तब्येत बरी हाय ना तुमची? झोप लागते ना? माह्याजवळ बोला, हे इथंच राहीन."

नाटक होतं हे रागिणीला कळत होतं. पण साखरपुडा झाल्यावर अमरावतीला तिच्या घरी फोन करायचा तेव्हा हा आवाज ऐकला होता, त्यानंतर आज. बाळंतपणापासून तिची झोप उडाली होती. पोरगी गाढ झोपली तरी ही उठून तिच्या नाकाशी बोट धरायची, श्वास लागला की आडवी व्हायची, पुन्हा उठायची. मनोजला सांगितलं की तो म्हणायचा, "सगळ्याच बायांचं असंच असते," आणि कूस बदलायचा.

"अव बोल ना काही. कामगार असा गप्प राहिला तं मी काय करू?"

"कामगार लाजली," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन आत गेली.

पुढे त्याच मॅडम मजुरांनाही शिकवायला जिनिंगवर येऊन गेल्या. दारूचे तोटे ऐकता ऐकता मागच्या रांगेत तंबाखू-सुपारीचा खर्रा फिरत होता म्हणे. मॅडम म्हणाल्या, हेही व्यसनच. तर मोतीराम चौकीदार उभा राहून म्हणाला, "मॅडम, खर्रा देल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोणाशी बोलत नाही, मंग तुमी म्हणता तसं बोलाचं कसं?" मनोजने हे सांगितलं तेव्हा रागिणीही पोट धरून हसली.

आणि त्यानंतर फोन सुरू झाले.

फोन वाजला की मनोज उठून अंगणात जायचा. आधी मजुरांशी बोलायचा तेव्हा त्याचा आवाज चौकापर्यंत जायचा. आता खिडकीत कान लावला तरी तुटक तुटक ऐकू यायचं. "हं... हो... मंग? ... नाही नाही, घाबरू नका." पलीकडून बाईचा आवाज. मनोज बराच वेळ काहीच बोलायचा नाही, नुसता उभा. रागिणीला त्या 'हं'चाच राग यायचा. घरात तिचं वाक्य अर्धं व्हायच्या आत त्याचा हात मोबाइलकडे जात असे.

"कोण होतं?"

"कामाचं हाय."

"कामाचं हाय तं अंगणात काहून जा लागते?"

"सांगता येत नाही. तसं शिकवलंच हाय, घरीसुद्धा सांगाचं नाही."

बरं शिकवलं, तिच्या मनात आलं. कोण्या बाईने शिकवलं कोणास ठाऊक, पण नवऱ्यांच्या फार सोयीचं शिकवलं.

नाव तिला सासऱ्यांकडून कळलं. पंजाबराव कापूस घेऊन जिनिंगवर गेले होते, येऊन चहा पिता पिता म्हणाले, "ते मोनाली नाही का, तिले मशीनवरून काढून सावलीत बसवलं. कापसातला कचरा येचत राह्यते. आपल्या मन्यानं बसवलं म्हणते. बाकीच्या बाया उन्हात वाळून राहिल्या अन् हे सावलीत."

मोनाली. आचलच्या बारशाला आली होती ती. नवरा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, तरी हसणं खळाळून. पाळण्यावर वाकली तेव्हा तिच्या हिरव्या बांगड्या वाजल्या होत्या आणि मनोज म्हणाला होता, "पोरगी पाहा कशी हिच्याकडेच पाहून राहिली." तेव्हा रागिणीनेही कौतुकाने मान डोलावली होती. आता ते वाक्य आठवलं की जिभेवर कडू यायचं. ती आरशात स्वतःकडे बघायची. डोळ्यांखाली काळं, गाऊनला दुधाचा वास. बांगड्या तर पोरीला लागतात म्हणून कधीच्या काढून ठेवलेल्या.

मग एका सकाळी ती भाजी चिरत असताना मनोजने सहज विचारलं, "कोरड्या उलट्या होत असल्या, चक्कर येत असली, हात थरथरत असले, तं बाईले काय खाऊ घालावं?"

विळीवरचा तिचा हात थांबला. "कोणत्या बाईले?"

"हाय एक."

हे सगळं तिने भोगलं होतं. सकाळच्या उलट्या, चक्कर, आणि मग घरच्यांनी जड काम सोडवून सावलीत बसवणं. बाईला हिशेब मांडायला वेळ लागत नाही. तिने त्याला लिंबूसरबत सांगितलं, डबा भरून दिला, तो फाटकाबाहेर गेला आणि ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

दुपारी आचलला कडेवर घेऊन ती जिनिंगवर गेली. मोतीराम म्हणाला, "वयनी, भाऊ गाठी बांधाच्या प्रेसच्या मागच्या खोलीत हायेत, थांबा, बलावतो." ती थांबली नाही. जेवणाची सुट्टी होती. मशीन बंद होत्या, नाहीतर पुढचं कोणाला ऐकूही गेलं नसतं. बाया शेडखाली भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. खोलीचं दार सताड उघडं होतं. आत दोन उपड्या टोपल्यांवर समोरासमोर मनोज आणि मोनाली. मोनाली पदरात तोंड घालून रडत होती आणि मनोज ऐकत होता. नुसता ऐकत होता, मोबाइल खिशात, हात गुडघ्यांवर.

त्याने तिचा हात धरलेला असता तरी रागिणीला एवढं लागलं नसतं.

"कितवा महिना हाय इले?" ती दारातून ओरडली.

बायांचे घास हातातच राहिले. मनोज उठला. "रागिणी, घरी जा."

"काहून जाऊ? उलट्या, चक्कर, सावलीचं काम! मले नका शिकवू. मी पोरगी काढली यातून!"

मनोजचे कान लाल झाले. एका वाक्यात सुटता आलं असतं त्याला; तो गप्प राहिला आणि रागिणीला वाटलं, कबूल झाला. आचल भेदरून रडू लागली.

मोनाली टोपलीवरून उठली, डोळे पुसले आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली. साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "महिना नाही वयनी. दारू हाय. नवरा होता तवा जबरदस्तीनं पाजे, तो गेला तं दारू माह्यापाशीच राहिली. एक दिवस मशीनवर हात आत जाता जाता भाऊनं ओढला. तवापासून सोडून राहिली, तं हे असं होते. भाऊले म्हटलं होतं, कोणाले सांगू नका. पाहा ना, सोताची इज्जत चालली तरी बोलून नाही राहिले."

मग सगळ्यांत वडीलधाऱ्या माणिकबाईने हातातला कांदा खाली ठेवला. "आमाले काय मालूम नवतं? मी तुह्या बाजूनंच उभी राह्यतो, मले वास येत नाही? मालकाले मालूम नवतं तेवढंच. ते काम आता वयनीनं करून टाकलं."

रागिणीने मागे वळून पाहिलं. खुशालराव वजनकाट्याजवळ उभे होते.

"उद्यापासून येऊ नोको," ते मोनालीला म्हणाले.

"मालक," मनोज पुढे झाला, "प्रशिक्षणाले तुमीच पाठवलं. जो सोताहून सांगते त्याले काढाचं नाही, हे पयल्याच दिवशी शिकवलं."

"मॅडमचं काय जाते शिकवाले! हात माह्या मशीनमधी जाईन!"

"मॅडम म्हणून राहिल्या, घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं हाय, अकोल्याच्या दवाखान्यात भरती करा. बरी होऊन येऊ द्या तिले."

खुशालरावांनी बायांकडे पाहिलं. बाया त्यांच्याकडेच बघत होत्या, एकीनेही पुन्हा भाकरीला हात लावला नव्हता. "ठीक हाय. डॉक्टर बरी म्हणीन तं येऊ दे. पण नेणार कोण तिले? तू? आता एवढं झाल्यावर तू तिच्यासंगं गाडीत बसशील? उद्या साऱ्या अकोटात काय होईन?"

मनोजचं तोंड रागिणीनेच बंद केलं होतं.

"मी जाईन," ती म्हणाली. बायांना वाटलं, उपरती झाली. खरं तर मनोज मोनालीशेजारी बसून अकोल्याला चाललाय हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं आणि ते तिला अजूनही सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकीशी मोनाली, तिच्या शेजारी रागिणी, मांडीवर आचल. मोनालीचे हात पिशवीवर थरथरत होते. बांगड्या किणकिणत होत्या आणि आचल त्यांच्याकडे झेपावत होती.

"द्या ना वयनी इकडे. तुमी घडीभर डोळे मिटा. किती दिवसच्या झोपल्या नाही तुमी?"

रागिणीने पोरीला आणखीच घट्ट धरलं. "तुले कोणी सांगतलं मी झोपत नाही? त्यायनं?"

"भाऊ कायचे सांगतेत. तोंडावर दिसते ना."

रस्त्याच्या कामामुळे गाडी धुरळ्यात थांबली. रागिणीने पुढच्या सीटकडे बघत विचारलं, "काय बोलत होते ते तुह्याशी एवढं?"

"काहीच नाही. मी बडबड करो, ते आयकत." मोनालीने खिडकीला डोकं टेकलं. "मले वाटे, वयनी किती नशिबाच्या. त्यायले तं रोजच आयकणारा माणूस हाय."

रागिणीने तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि मोनालीसमोर तिला रडायचं नव्हतं. पोरगी तिने दिली नाही. पण आचलने हात लांबवून मोनालीची बांगडी धरली, ती तिने सोडवलीही नाही.

दवाखान्यात भरती करताना नर्सने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" रागिणी अडखळली. मोनाली पलंगावर बसत म्हणाली, "आमच्या सुपरवायझरच्या घरच्या. यायनंच आणलं मले." तिच्या बोलण्यात टोमणा आहे का ते रागिणीने शोधून पाहिलं. सापडला नाही, तेव्हा तिला जास्तच लाज वाटली.

परतीसाठी ती स्टँडवर आली तोच मनोजचा फोन.

"मोनाली कशी हाय? घेतलं भरती?"

आधी मोनालीचंच विचारलं, तिच्या मनात आलं. तिने आचलला दुसऱ्या कडेवर घेतलं. अकोटची गाडी लागत होती, लोक दाराशी गर्दी करत होते.

"घेतलं. हात अजून कापून राहिले, पण डॉक्टर म्हणे, होईन बरी. तिचं झालं सांगून. आता माहं इचारा."

"तुह्यं काय?"

"इचारा म्हटलं ना."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो दूर दूर गेला. मनोज शेडमधून बाहेर चालत आला असावा.

"काय झालं रागिणी?" त्याने विचारलं.

कंडक्टरने घंटी दिली. रागिणीने ती गाडी जाऊ दिली, बाकावर बसली आणि रात्री उठून उठून पोरीचा श्वास बघावा लागतो तिथपासून सांगायला सुरुवात केली.