पाचवी जागा

वेलिबोर गेला तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन होते. मी प्रयोगशाळेतून घरी आले तर तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला, मान किंचित उजवीकडे. मला वाटलं, डुलकी लागली असेल. हेडफोन काढून एका कानाशी धरला. आत काही वाजत नव्हतं, सीडी संपून गेली होती. मग मी त्याचा हात हातात घेतला.

प्लेअरच्या पुढच्या काचेवर तेव्हा हिरवा आकडा उजळलेला असणार, एक ते पाचपैकी कुठला तरी. शहराचं पाणी तपासण्याच्या कामात माझा जन्म गेला. उपकरणांवरचे आकडे वाचायचा मला पगार मिळतो. तो आकडा मात्र मी वाचला नाही.

तासाभरात सासूबाई आल्या, माझा दीर मिलेंको त्यांना धरून घेऊन आला. त्या मूळच्या नेगोतिनकडच्या. त्यांच्या गावी माणूस गेलं की आरसे झाकतात आणि वर्षभर घरात सूर लागू देत नाहीत. वर्ष भरलं की पहिलं गाणं गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला द्यायचं. दिलं की ते त्याचं झालं, परत मागायचं नाही. मग जिवंतांनी ऐकायला हरकत नाही. आईंनी आरशावर चादर टाकली, टीव्हीची वायर भिंतीतून उपटली आणि प्लेअरचीही उपटली.

"बटणं-बिटणं मला कळत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुळातून काढलं की झालं."

तो प्लेअर वेलिबोरने व्हिएन्नाहून आणला होता. आत पाच सीडींची फिरती थाळी. तो कालव्यांची मोजणी करायचा, त्यामुळे प्लेअरखालची दगडी फरशीही त्याने पाणसळ लावून बसवली होती. दर रविवारी मऊ ब्रशने धूळ काढायची, त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात चालायचा नाही. थाळीवरच्या जागा ठरलेल्या होत्या. पहिलीवर आईंच्या गावाकडचं व्हायोलिन. दुसरीवर चर्चमधला ऑर्गन. तिसरी-चौथीवर त्या त्या महिन्यात जे डोक्यात असेल ते. आणि पाचवीवर चेलोची सीडी. ती मी त्याला या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात दिली होती. तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर, रेडिएटरला पाठ लावून ती ऐकायचो.

पुढे हेडफोन आले. मला सकाळी लवकर उठावं लागायचं, म्हणून. मग मी घरात नसतानाही तो हेडफोनच लावू लागला. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता आलं असतं. तो काय ऐकतोय हे मी विचारायचं बंद केलं आणि त्याने सांगायचं. पाचव्या जागेवरची सीडी त्याने कधी बदलली नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण ती तो ऐकत होता, की नुसती काढायची राहून गेली होती, हे ठाऊक नव्हतं.

एकदा त्याने झाकण उघडून मला आतली रचना दाखवली होती. बटणाने बंद केलं तर थाळी पहिल्या जागेवर परतते. वीज एकदम गेली तर वाजत असलेली किंवा वाजून संपलेली सीडी जागच्या जागी, ती वाचणाऱ्या भिंगाच्या वरच राहते. वीज पुन्हा आली की थाळी आधी एक पूर्ण फेरी घेते, सीडी मोजते आणि पहिलीपासून सुरू होते.

म्हणजे त्या दिवशी आईंनी वायर उपटली तेव्हा उत्तर आत जपलं गेलं होतं. वीज न देता चार स्क्रू काढायचे आणि बघायचं, एवढंच. वर्षभर मी ते केलं नाही. घरात सूतक आहे, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर झाकण बंद होतं तोवर ती पाचवी असू शकत होती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ठरवलं, पाहुणे गेले की उघडायचं. छोटा स्क्रू-ड्रायव्हर सकाळीच एप्रनच्या खिशात टाकला.

दफनभूमीतून आम्ही दुपारी परतलो. मेणबत्ती लावली, साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू चमचा-चमचा खाल्ले. मिलेंको प्लेअरपाशी उभा राहिला.

"वहिनी, हे धूड अजून इथेच? व्हिएन्नाहून येताना दादाने याला मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं. मला म्हणाला, तू डिकीत मावतोस का बघ."

"तू मावला नसतास," आई म्हणाल्या. "तेव्हाही नाही."

"बायकोला पुसलं नसेल एवढं याला पुसलं त्याने."

"माझ्यावर धूळ बसायची नाही," मी म्हणाले. "मी उठून कामाला जायचे."

आई हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा. मी सूप गरम करायला आत गेले. गाणं मोबाइलवर लावतो, असं मिलेंकोने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, म्हणून मी निश्चिंत होते.

भिंतीपलीकडून आईंचा आवाज आला. "असल्या डबीतलं गाणं त्याला पोचायचं नाही. त्याच्या यंत्रावर लाव."

"आई, थांबा," मी म्हणाले, पण पातेलं हातात होतं आणि ते खाली ठेवेपर्यंत बाहेरच्या खोलीतून मोटरची घरघर ऐकू आली. मी दारात पोचले. हिरवा दिवा लागला होता. प्लेअरमधून काढलेली हेडफोनची पिन मिलेंकोच्या हातात होती. थाळी फिरत होती. प्रत्येक जागेवर जराशी थांबून, टक करून, पुढे. पाच वेळा. मग ती पहिल्या जागेवर स्थिरावली आणि व्हायोलिन सुरू झालं.

आई काठी टेकून उभ्या राहिल्या. "वेलिबोर, हे तुला," त्या म्हणाल्या. "तुझं तुला पोचू दे."

आम्हीही उभे राहून ऐकलं. पहिलं गाणं संपलं तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"स्मिल्का, तू होतीस पहिली घरात. त्या दिवशी हेच ऐकत होता ना गं माझा मुलगा?"

प्रयोगशाळेत नव्या मुली येतात त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, मोजलं नाही ते लिहायचं नाही. मी स्वतः कधी लिहिलेलं नाही.

"हो, आई," मी म्हणाले. "हेच."

"वाटलंच मला." त्यांनी प्लेअरच्या झाकणावर हात ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि काढला नाही. त्या रडत होत्या, पण चेहरा उजळला होता. "गावाकडचंच ऐकत गेला."

मिलेंकोने नाक पुसलं. "वहिनी, आता पुढचं लावू? पाचवीवर काय आहे?"

"राहू दे," मी म्हणाले. "सूप निवेल."

आईंनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. व्हायोलिन वाजत राहिलं. बसताना खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मांडीला टोचला. मी तो काढला नाही. आई तो कशाला म्हणून विचारतील, असं वाटलं.